आधी घर बांधा, मग पाडा: टाकाऊ वस्तूंतून वॉरगेमसाठी उद्ध्वस्त शहर

ज्यानं लहानपणी दिवाळीचा किल्ला केला आहे, त्याला टेरेन, म्हणजे वॉरगेमच्या टेबलावर मांडायचा भूभाग, समजावून सांगावा लागत नाही. दगड-विटांवर चिखलात बुडवलेलं पोतं टाकायचं, उतारावर अळीव पेरायचे आणि कुंभारवाड्यातून आणलेले मावळे मोक्याच्या जागी उभे करायचे. फरक एवढाच की किल्ल्यावर बसलेले महाराज महादरवाज्याच्या दुप्पट उंच असले तरी कुणी हरकत घेत नाही. मिनिएचर वॉरगेममध्ये, म्हणजे टेबलावर छोटे शिपाई मांडून खेळायच्या लढाईत, समोरचा भिडू टेबलाच्या पातळीला डोळा लावून "त्या खिडकीतून तुझा शिपाई मला दिसतोय" म्हणतो, आणि त्या वादाचा निकाल खिडकी किती उंचीवर कापली आहे यावर लागतो.

म्हणून सुरुवात कटरनं नाही, पट्टीनं करायची.

मापं

वॉरहॅमर ४०,००० असो किंवा दुसऱ्या महायुद्धावरचा बोल्ट अ‍ॅक्शन, शिपाई साधारण २८ मिलिमीटरचे म्हणवतात. प्रमाण १:५६ ते १:६०च्या आसपास पडतं. मी १:५६ धरतो. सात फुटी दरवाजा या हिशेबानं ३८ मिमी होतो. पण शिपाई स्वतः ३ मिमी जाडीच्या बेसवर, म्हणजे पायाखालच्या चकतीवर, उभा असतो, त्यामुळे दरवाजा ४० ते ४२ मिमी उंच ठेवा, नाहीतर सगळे वाकून आत शिरताहेत असं वाटतं. खिडकीचा खालचा काठ जमिनीपासून २० मिमी. एवढ्यात शिपाई कमरेपर्यंत झाकला जातो आणि बंदूक बाहेर राहते.

मजल्याच्या उंचीत मात्र प्रमाण सोडून द्यायचं. दहा फुटी मजल्याचे खरे ५५ मिमी होतात, पण तेवढ्या फटीत माणसाचा हात जात नाही. ७५ मिमी घ्या. नऊ इंची विटेची लांबी ४ मिमी आणि उंची दीड मिमीपेक्षा कमी येते. अशा विटा अख्ख्या भिंतीवर कोरायला बसलात तर पुढची दिवाळी येईल. ६ मिमी बाय अडीच मिमी कोरा, कुणाच्या लक्षात येत नाही. जे १:७२चे छोटे प्लास्टिकचे सैनिक वापरतात, त्यांनी ही सगळी मापं पाऊणपट करून घ्यावीत.

टेबल किती मोठं? २०२०च्या नवव्या आवृत्तीपासून वॉरहॅमर ४०,०००च्या नेहमीच्या सामन्यांसाठी किमान ४४ बाय ६० इंच जागा धरतात. पुण्यातल्या दोन खोल्यांत एवढी सपाट जागा म्हणजे जेवणाचं टेबल, आणि ते रात्री साडेआठला रिकामं करून द्यावं लागतं. आठ-दहा शिपायांच्या छोट्या चकमकीला घरातला कॅरम बोर्ड उत्तम. आतली जागा २९ इंच चौरस, आणि फासे चौकटीबाहेर सांडत नाहीत. फक्त बोर्डावर थेट काही चिकटवू नका. वर एक जुना फ्लेक्स उलटा अंथरा. पुण्यात वाढदिवसांची कमतरता नाही, पण फ्लेक्स उतरवणाऱ्याला विचारून घ्या.

घर कशानं पडलं?

बहुतेक जण इथेच घसरतात. पुठ्ठ्याचा वरचा काठ नागमोडी कापला, खाली चार खडे टाकले, करडा रंग फासला, झाला अवशेष. तो अवशेष दिसत नाही, कुरतडलेला पुठ्ठा दिसतो. पडकं घर हे आधी उभं असलेलं घर असतं, आणि ते कशानं तरी पडलेलं असतं. ते 'कशानं' ठरवल्याशिवाय कापायला घेऊ नका.

आगीत लाकूड जातं आणि दगड राहतो. शनिवारवाड्यात आत गेल्यावर जे दिसतं ते हेच: १८२८च्या आगीत आतल्या इमारती गेल्या, तट, दरवाजे आणि दगडी जोती तेवढी राहिली. आगीचा अवशेष करायचा तर मजले पूर्ण गायब करा, जोती ठसठशीत ठेवा आणि खिडक्यांच्या वरच्या बाजूला काजळी दाखवा. स्टालिनग्राडमध्ये १९४२ साली लाकडी वस्त्या जळून गेल्या आणि विटांची धुराडी तेवढी उभी राहिली. टेबलावर चार जोती आणि चार धुराडी एवढ्यात जळालेली वस्ती उभी राहते, आणि एका संध्याकाळीत होते.

पाण्याचा अवशेष निराळा. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटल्यावर नदीकाठच्या पेठांमध्ये मातीच्या भिंती पायाकडून भिजून बसल्या. अशा ठिकाणी धारदार तुटके काठ नसतात. खाली मऊ ढीग असतो, वर गोलसर कडा, आणि उरलेल्या भिंतीवर एका पातळीत गाळाची रेघ. तोफगोळ्यानं भोकं पडतात आणि वरचा भाग आधी जातो. कोपरे टिकतात, कारण तिथे दोन भिंती एकमेकींना धरून असतात. भेग सहसा खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरकी पुढच्या खिडकीपर्यंत जाते.

माझा आवडता प्रकार चौथा, आणि तो फुकट बघायला मिळतो. कसब्यात किंवा सदाशिव पेठेत एखादा वाडा अर्धा उतरवलेला असतो, तेव्हा शेजारच्या इमारतीला चिकटून राहिलेली भिंत नीट बघा. तुळया काढून नेलेल्या असतात, पण त्यांची चौकोनी भोकं एका ओळीत असतात. तीच मजल्याची रेषा. रेषेच्या वर निळ्या रंगाची खोली, शेजारी पोपटी, खाली माजघराचा मळकट चुना. एका कोनाड्यात दिव्याच्या काजळीची जीभ वर गेलेली. एका खिळ्याला अजून कॅलेंडरची सुतळी. मी अशा एका भिंतीसमोर वीस मिनिटं उभा होतो, तर आतून एक आजोबा आले आणि "बिल्डरकडून आलात का?" म्हणाले. खेळण्यातला वाडा करायचा आहे, हे सांगितल्यावर त्यांची खात्रीच पटली की मी बिल्डरकडून आलोय.

तुळयांची भोकं आणि प्रत्येक खोलीचा निराळा रंग, एवढ्या दोन गोष्टी उचलल्या तरी तुमचा अवशेष विकतच्यापेक्षा सरस होतो.

माल

थर्माकोल विकत आणायचा नाही. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८पासून बंदी आहेच, आणि टीव्ही-मिक्सरच्या खोक्यांतला इतका साठतो की तोच पुरे. दाण्यादाण्यांचा थर्माकोल कोरीव कामाला वाईट, पण भिंतीचा गाभा आणि ढिगारा यासाठी झकास. कोरायला सनबोर्डचे तुकडे बघा. बोर्ड-बॅनर करणाऱ्यांकडे कातरण पडलेलं असतं, गोड बोललं की मिळतं. त्याचा वरचा गुळगुळीत थर सोलून निघाला तर आतल्या फोमवर बॉलपेननं विटा सुरेख उठतात.

जाड लग्नपत्रिका जपून ठेवा. आमंत्रण कुणाचं का असेना, पाऊण मिलिमीटर जाडीचा असा ताठ कागद दुकानात पैसे देऊन मिळतो. त्याच्या पट्ट्या कापून विटा, कौलं, खिडकीच्या चौकटी होतात. कुल्फीच्या काड्या म्हणजे फळ्या. खराट्याच्या काड्या किंवा बांधकामावरची बारीक तार म्हणजे स्लॅबमधून बाहेर आलेल्या सळया. संपलेल्या रिफिली म्हणजे पाइप. औषधांच्या रिकाम्या पट्ट्या भविष्यकाळातल्या कारखान्याच्या भिंतीला लावतात, मला त्या ओळखू येतात म्हणून मी लावत नाही. भांडी घासायची हिरवी घासणी फाडली की वेल, काथ्या बारीक कापला की वाळलेलं गवत. चहाचा चोथा उत्तम पालापाचोळा होतो, पण कडकडीत वाळवून घ्या, नाहीतर आठवड्यात बुरशी धरते. घर रंगवून झाल्यावर उरलेली वॉल पुट्टी, थोडी रांगोळी, थोडा गेरू, चाळलेली वाळू. बेससाठी सुताराकडचे ३ मिमी एमडीएफचे तुकडे. उरतं ते फेविकॉल, कटरची नवी पाती आणि रंग, एवढंच विकत घ्यायचं.

एक कोपरा, पहिल्यापासून

पहिला अवशेष साधा करा: दोन भिंतींचा काटकोन, दोन मजले.

बेस १८ बाय १८ सेंटीमीटर. तो चौकोनी ठेवू नका, दोन बाजू वेड्यावाकड्या करा आणि कडेला वरून तिरका उतार घासा, म्हणजे टेबलावर पायरी दिसत नाही. एमडीएफ घासताना तोंडाला रुमाल बांधा. मग दोन्ही बाजूंना पातळ फेविकॉलचा हात मारा. एकाच बाजूला मारलात तर बेस वाळताना पापडासारखा वळतो.

भिंती १४ सेंमी लांब, १६ सेंमी उंच. आधी पूर्ण, धडधाकट भिंती आखा: खालच्या मजल्याला दरवाजा आणि खिडकी, वरच्याला दोन खिडक्या, बरोबर खालच्यांच्या रेषेत. ७५ मिमीवर मजल्याची रेघ. त्या रेघेखाली १५ मिमी अंतरानं ५ मिमीची चौकोनी भोकं आखा, तुळयांसाठी. सगळी दारं-खिडक्या कापून झाल्यावर भिंती उभ्या कोरड्या जुळवून बघा. मगच पाडायला घ्या. कोपऱ्याला पूर्ण उंची राहू द्या, तिथून दोन्हीकडे खाली उतरत जा, शेवटी ३ सेंमीचा बुंधा उरू द्या. तुटीची रेघ खिडकीतून गेली पाहिजे. विटांची भिंत असेल तर रेघ पायऱ्या-पायऱ्यांनी उतरते, कारण विटेचा सांधा सुटतो, वीट क्वचित फुटते. काँक्रीट असेल तर रेघ वेडीवाकडी आणि सळया बाहेर.

पाती दर पाच-सहा कापांनंतर मोडून नवी घ्या. बोथट पात्यानं थर्माकोल कापला जात नाही, चुरगळतो आणि दाणे घरभर होतात. त्यावरून आमच्याकडे झालेले संवाद इथे देत नाही. गरम तारेचा कटर असेल तर गॅलरीत बसून वापरा, तो धूर छातीत घेण्यासारखा नाही.

पोत. सगळीकडे विटा कोरू नका. प्लास्टर पडलं आहे अशा तीन-चार जागा ठरवा: खिडकीचे कोपरे, तुटीचा काठ, जमिनीलगतची ओल. तेवढ्याच भागात विटा कोरा किंवा पत्रिकेच्या विटा चिकटवा. बाकीच्या भिंतीवर वॉल पुट्टीत थोडा फेविकॉल मिसळून मिलिमीटरभर थर द्या. फेविकॉलशिवाय पुट्टी पहिल्याच खेळात टवके सोडते. थर अर्धवट ओला असताना विटांच्या बाजूचा काठ टूथपिकनं उचकटा, म्हणजे प्लास्टरला जाडी दिसते. दगडी जोतं हवं असेल तर फोमवर दगड कोरून त्यावर चुरगळलेल्या फॉइलचा गोळा दाबून फिरवा. दाणेदार थर्माकोल दिसत असेल तिथे टिश्यू पेपर पाण्यात कालवलेल्या फेविकॉलनं बसवा, दाणे झाकले जातात.

मजला. काटकोनात बसेल असा पुठ्ठ्याचा त्रिकोणी तुकडा कापा, वर कुल्फीच्या काड्या एकाच दिशेनं लावा. टोकं कात्रीनं कापू नका, हातानं मोडा. कात्रीचा काप दहा फुटांवरून ओळखू येतो. भोकांतून तुळया बाहेर काढा, एखादी तुटून खाली लोंबू द्या. आणि मजल्याच्या कोपऱ्यापासून तुटक्या काठापर्यंत निदान ५० मिमी अंतर ठेवा. शिपायाचा ३२ मिमीचा बेस वर नीट उभा राहायला हवा, नाहीतर दिसायला सुंदर आणि खेळायला निरुपयोगी अशी गोष्ट तयार होते. माझे पहिले तीन अवशेष असेच होते. ते आता पुस्तकांच्या कपाटावर आहेत.

ढिगारा. इथे घाई करू नका. भिंतीतून जे गेलं ते खाली पडलेलं दिसलं पाहिजे. कापून काढलेले भिंतीचे तुकडेच आधी खाली लावा, एखाद्याला अर्धी खिडकीची चौकट राहू द्या. त्यांच्या फटीत मोडक्या काड्या, मग पत्रिकेच्या सुट्या विटा, मग वाळू, सगळ्यात वर चिमूटभर रांगोळी. म्हणजे मोठ्याकडून बारीककडे. ढीग भिंतीला टेकून उंच आणि बाहेर उतरता. मध्ये कुठेतरी शिपायाच्या बेसएवढ्या दोन सपाट जागा सोडा. सगळं जागेवर बसलं की फेविकॉल आणि पाणी समसमान घेऊन त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब टाका आणि ड्रॉपरनं सोडा. तो थेंब नसेल तर पाणी रांगोळीवर मण्यांसारखं उभं राहतं, आत जिरत नाही.

मग एक दिवस हात लावायचा नाही. पावसाळ्यात दोन-तीन दिवस. जुलैत केलेली माझी एक पुठ्ठ्याची भिंत गणपतीपर्यंत धनुष्यासारखी वाकली होती. हे काम दिवाळी ते मे या काळातलं.

रंग

आधी धोक्याची गोष्ट. स्प्रेचा डबा थर्माकोलवर थेट मारायचा नाही. त्यातलं थिनर थर्माकोल खातं. मी मारला होता. भिंत माझ्या डोळ्यांदेखत फसफसत खाली बसली, आणि दीड आठवड्याच्या कामाचं डोसा-जाळीसारखं काहीतरी उरलं. फेविक्विक आणि चपला चिकटवायचा रबरी गोंदही थर्माकोलला तसेच खातात. म्हणून आधी कवच: काळा अ‍ॅक्रिलिक रंग, तेवढाच फेविकॉल, थोडं पाणी. जुन्या ब्रशनं फटीफटीत घालून दोन हात. पांढरा ठिपका कुठेही दिसता कामा नये. यानंच मजबुतीही येते.

वरच्या रंगांसाठी मिनिएचरचे महागडे रंग वाया घालवू नका. बाहेरच्या भिंतीचा पांढरा इमल्शन आणि स्टेनरच्या छोट्या बाटल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात: काळा, यलो ऑक्साइड, बर्न्ट सिएना, निळा. या पाच गोष्टींत अख्खं शहर रंगतं. स्टेनर इमल्शनमध्ये थेंबाथेंबानं मिसळायचा. नुसता लावला तर चिकट राहतो.

प्लास्टरला आधी खोल्यांचे रंग द्या: निळा, पोपटी, मळका पिवळा, रेषेत तुटणारे. विटांना बर्न्ट सिएना, मधूनच एखादी वीट फिकट, एखादी काळपट. वाळल्यावर ड्रायब्रश: ब्रशला फिका करडा घ्या, जुन्या बनियनवर जवळजवळ सगळा पुसून टाका आणि कोरडा ब्रश उंचवट्यांवरून आडवा फिरवा. कडा उजळतात, खाचा काळ्या राहतात. त्यावर पातळ तपकिरी पाणी सोडा, ते खाली ओघळून पावसाचे डाग आपोआप करतं. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एखादा ओघळ मुद्दाम. आगीचा अवशेष असेल तर काजळी स्पंजच्या तुकड्यानं ठेपून लावा, ब्रशचे फराटे काजळीसारखे दिसत नाहीत.

शेवटी गेरू. विटांच्या ढिगाऱ्यावर कोरड्या ब्रशनं गेरूची पूड झटका. वीट फुटल्यावर आजूबाजूला जो तांबूस धुरळा बसतो, तो कुठल्याही बाटलीतल्या रंगानं जमत नाही. बसल्यावर पातळ फेविकॉलचा फवारा मारा, नाहीतर खेळून झाल्यावर सगळ्यांच्या बाह्या तांबड्या. पोस्टर कलर कुठे वापरला असेल तर तोही या फवाऱ्याआधी पाण्यानं उठतो, एवढं लक्षात ठेवा.

शहर मांडणं

चार बाय चार फुटांच्या टेबलाला असे आठ-दहा अवशेष लागतात, त्यातले निदान तीन दोनमजली. मांडताना टेबलाच्या एका कडेला खाली वाकून बघा. समोरची कड सरळ दिसत असेल तर पहिल्याच पाळीत लांब पल्ल्याची बंदूक खेळ संपवते. रस्ता रणगाडा जाईल असा, ४ ते ५ इंच, पण तुळशीबागेतल्या बोळासारखा मध्येच वाकडा. दोन अवशेषांमध्ये एक गल्ली अशी ठेवा की माणूस जाईल, गाडी जाणार नाही. खेळाची सगळी गंमत त्या गल्लीत घडते.

नियमांत इमारतीच्या आत आहे की बाहेर याला महत्त्व असतं, आणि अवशेषाच्या बेसची कड म्हणजेच ती हद्द धरायची, हे खेळ सुरू होण्याआधी भिडूशी बोलून घ्या. मधल्या खेळात बोललात तर ते पटत नाही.

ठेवायला बुटांचे खोके बरे, सोबत बुटांतल्याच सिलिका जेलच्या पुड्या. झुरळ-कसरीसाठी कडुनिंबाचा पाला टाका. डांबरगोळ्या टाकू नका, त्यांची वाफ थर्माकोलला मऊ करते, आणि तुमचे प्लास्टिकचे शिपाईसुद्धा बहुतेक त्याच जातीच्या प्लास्टिकचे असतात. खोक्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहा. माझा एक अख्खा चौक साफसफाईत रद्दीवाल्याकडे गेला, आणि त्यानं तो वजनावर घेतला.